वर्दी कोणी दिली?

जून लागला की नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूरच्या तहसील कचेऱ्यांबाहेर वंशावळी लिहिल्या जातात. बारावी झालेल्या मुलामुलींना जातवैधता हवी असते, प्रवेशाची तारीख डोक्यावर असते आणि अर्ज लिहिणारा विचारत असतो, “आजाचं नाव? आजाच्या बापाचं? त्याला भाऊ किती?” हौसेनं कुळाचा इतिहास शोधायला बसणारा माणूस आपल्याकडे विरळा. वंशावळ निघते ती कामापुरती. जात पडताळणी, वारसनोंद, वनपट्ट्याचा दावा, किंवा सरदार सरोवरात गाव गेलेल्यांचा प्रकल्पग्रस्ताचा दाखला. पण कामापुरत्या वंशावळीतही एखाद्या नावाशी घरातला वडीलधारा अडतो. ‘तो बिनवारस मेला’ म्हणतो, किंवा ‘तिचं नाव नको टाकू’ म्हणतो आणि चहा मागवतो.

बहुतेक जण तिथे ऐकतात आणि पुढची ओळ भरतात. काही जण मात्र अडलेल्या जागेचा कागद मागवतात. हा लेख त्यांच्यासाठी.

त्या कागदांतून काय काय निघतं? पणजीला डाकीण ठरवून गावाबाहेर काढलेलं असतं, कधी मारलेलं असतं. पणजोबाची जमीन दोन पोती ज्वारीपायी गेलेली असते, किंवा आपल्याच पणजोबानं दुसऱ्याची तशी घेतलेली असते. आजोबांचा एक भाऊ तुरुंगात जाऊन आलेला, एक आत्या कुठल्याच उताऱ्यावर नसलेली, शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात वेगळीच शाई. अमेरिकेत लोक डीएनए तपासायला थुंकीची नळी टपालानं पाठवतात आणि त्यांना सावत्र भाऊ सापडतात. आपल्याकडे ते काम जुना फेरफार करतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या जिल्ह्यातल्या घरोघरच्या गुपितांपैकी बऱ्याच गुपितांच्या बुडाशी जमीन असते आणि लाज तिला नंतर चिकटवलेली असते. म्हणून एखादी काळी गोष्ट हाती लागली की ‘आमच्या घराण्यात असं झालं?’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. हे सरकारदरबारी लिहून कोणी दिलं, आणि त्यानंतरच्या पाच-दहा वर्षांत जमीन कोणाच्या नावावर चढली, हे आधी पाहा.

उतारे कसे वाचायचे

आजच्या सातबाऱ्यापासून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. तो फार शहाणा कागद आहे, जुनं सगळं गाळून बसलेला. त्यावरचे फेरफार क्रमांक उतरवून घ्या आणि एकेक करत मागे जा. तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कलेचा अर्ज करून जुने सातबारे, पाहणीपत्रकं, क.ड.ई. पत्रक, फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना ६ आणि वारस नोंदवही ६-क मागा. तुमचा गट नंबर एकत्रीकरणानंतरचा आहे; त्याआधी तीच जमीन सर्व्हे नंबरानं ओळखली जायची. जुना सर्व्हे नंबर काढला नाही तर शोध तिथेच तुटतो आणि माणसं ‘पुढचं रेकॉर्डच नाही’ म्हणून घरी जातात. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला १९०३ साली, तेव्हा फेरफारांच्या मदतीनं फार तर त्या सुमारापर्यंत पोचता येईल. ऑनलाइन दिसलं नाही म्हणजे अस्तित्वातच नाही, असं मात्र समजू नका.

जन्ममृत्यूसाठी गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. त्यात जातीचाही रकाना असल्यानं पडताळणीवाले त्याच्याच मागे असतात. पण आपल्या कामासाठी मृत्यूची तारीख आणि मृत्यूचं कारण हे दोन रकाने जास्त मोलाचे. जुनी पानं मोडीत निघाली तर मोडी वाचणारा शोधा, आणि वादाची नोंद असेल तर दोन वेगवेगळ्या वाचकांकडून स्वतंत्रपणे वाचून घ्या. एका अक्षरानं ‘भाऊ’चा ‘भाचा’ होतो.

कागद कुठे असतील, हे जिल्ह्याच्या इतिहासावर ठरतं. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. तोवर सगळं धुळ्याला. त्याआधी पश्चिम खानदेश, आणि १९०६ च्या आधी एकच अखंड खानदेश. म्हणून जुने कोर्टाचे निकाल, कलेक्टरकडचे वाद यांची चौकशी धुळ्यात करावी लागते. उच्छल, निझर भागातली गावं १९६० साली गुजरातेत गेली. ती आधी सुरत जिल्ह्यात होती, २००७ पासून तापी जिल्ह्यात. नवापूरचं रेल्वे स्टेशन निम्मं इकडे नि निम्मं तिकडे आहे. कित्येक भावकींचंही तसंच झालं, एका भावाचे उतारे मराठीत आणि दुसऱ्याचे गुजरातीत. काठीसारख्या मेवासी संस्थानांची गावं आणि अक्राणी-अक्कलकुव्यातली वनगावं यांची कथा निराळी. तिथे जुना सातबारा मागण्यात अर्थ नसतो. वन खात्याचे कागद आणि म्हाताऱ्यांची आठवण यांवरच भिस्त. वनहक्काच्या नियमांत वृद्धांचे जबाब पुरावा म्हणून धरले जातात, तेव्हा आठवणीला कमी लेखायचं कारण नाही.

नावांनी गोंधळू नका. आज पाडवी, वळवी, वसावे, गावित, तडवी लावणाऱ्या घरांचे आजे-पणजे जुन्या उताऱ्यात नुसते ‘अमका तमका भिल’ म्हणून सापडतात. आडनाव मास्तरांनी शाळेत घातलेलं असतं, जन्मतारीखही त्यांनीच दिलेली असते. अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो तो त्यामुळेच. एका गावात एकाच नावाची चार माणसं असतात. बापाचं नाव, शेताची चतु:सीमा आणि बायकोचं नाव जुळेपर्यंत हा आपलाच पणजोबा असं म्हणू नका. निम्मी ‘भयंकर गुपितं’ इथेच विरतात, कारण माणूसच दुसरा निघतो.

आता एक नोंद डोळ्यांपुढे आणा. खरी नाही, पण या धाटणीच्या नोंदी पुष्कळ असतात: ‘अमुक सोमा भिल हा मयत झाला. त्यास वारस बायको व दोन मुले अज्ञान. पैकी बायको ही गाव सोडून गेली असून ठावठिकाणा नाही, सबब मुलांची नावे दाखल, अ.पा.क. चुलता तमुक सोमा. वर्दी तमुक सोमा. हरकत नाही. नोंद मंजूर.’

चार ओळींची नोंद, पण ती सावकाश वाचायची. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता: मुलं लहान, जमीन कसणार चुलता. वर्दी, म्हणजे तलाठ्याकडे खबर, त्याच चुलत्यानं दिलेली. बाई गाव सोडून गेली हे त्याच्याखेरीज कोणी सांगितलं? पंचांची नावं आहेत का? नोटीस कोणावर बजावली, अंगठा कोणाचा? मयताची तारीख आणि नोंदीची तारीख यांत अंतर किती? मग पुढचे फेरफार काढा. मुलं सज्ञान झाल्यावर अ.पा.क. चा शेरा उडाला, की दहा-बारा वर्षांनी चुलत्याचंच नाव मालक म्हणून लागलं आणि मुलांच्या नावांना कंस झाला? सातबाऱ्यावर कंसात गेलेलं नाव म्हणजे कमी केलेलं नाव, आणि प्रत्येक कंसामागे एक फेरफार असतो. तो मिळाल्याशिवाय शोध पुरा झाला असं धरू नका. ए.कु.मॅ. हाही शेरा पाहून ठेवा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्याचं एकट्याचं नाव लागलेलं असतं, आणि दोन पिढ्यांनी धाकट्यांचे नातू ‘आम्हाला फसवलं’ म्हणून भांडतात. कधी खरंच फसवलेलं असतं. कधी तो नुसता लिहिण्याचा रिवाज असतो.

त्या बाईकडे परत येऊ. तिच्या नवऱ्याच्या गावचं कोतवाल बुक त्या वर्षाचं काढा, मग तिच्या माहेरचं काढा. फेरफार म्हणतो ‘गाव सोडून गेली’ आणि कोतवाल बुक त्याच आठवड्यात तिच्या नावाचा मृत्यू दाखवतं, असं निघालं तर चुलता खोटं बोलला. का बोलला, हे अजून ठरलेलं नाही. माहेरच्या कागदांत ती पुढे वीस वर्षं जिवंत दिसली तर गोष्टच बदलते. तिनं कदाचित दुसरा पाट लावला असेल आणि तेवढंच सासरच्यांना लपवायचं असेल. चुलत्यानं तीच पोरं पोटाशी धरून वाढवली, असंही निघू शकतं. कागदाला यातलं काही ठाऊक नसतं. ते विचारायला माणसं लागतात, आणि ती कशी विचारायची हे डाकिणीच्या बाबतीत सगळ्यांत नाजूक आहे.

डाकीण

सातपुड्याच्या पट्ट्यात आजार आला, ढोरं मेली, मूल दगावलं की बडवा किंवा भगत कौल लावून कोणाचं तरी नाव घेतो. ते नाव बहुधा बाईचं, त्यातही एकटीचं. गेल्या शतकातच नव्हे, आजही आपल्या जिल्ह्यातून अशा बातम्या येतात. अजय स्कारिया या इतिहासकारानं १९९७ साली पश्चिम भारतातल्या वसाहतकाळातल्या डाकीण-हिंसेवर एक निबंध लिहिला. संशयित बाईला झाडाला उलटं टांगून झोके देत कबुली काढण्याची रीत तेव्हाच्या ब्रिटिश कागदांत नोंदलेली आहे. गोविंद केळकर आणि देव नाथन यांनी झारखंडच्या आदिवासींमध्ये काम करून १९९१ साली जे पुस्तक काढलं, त्यात दुसरा धागा पुढे आला. नवऱ्यामागे जमीन कसण्याचा हक्क ज्या विधवेकडे राहतो, तिच्यावर हा आरोप येतो आणि ती गेली की जमीन दिराकडे जाते. झारखंडचं जसंच्या तसं नंदुरबारला लावू नका. आपल्याकडच्या प्रत्येक प्रकरणात शेत निघेलच असं नाही. भीती खरीच असते, मेलेलं पोर खरंच असतं. पण तपासून पाहायला तो धागा पक्का आहे, आणि उताऱ्यावर तपासता येतो, हे त्याचं मोठं बळ.

म्हणून असं काही कानावर आलं तर पहिली खबरदारी: चारचौघांत ‘डाकीण’ हा शब्द काढू नका. हा वसा आईकडून लेकीकडे जातो अशी समजूत आहे. तुमची पणजी मरून सत्तर वर्षं झाली असतील, पण तिची नात आज त्याच पाड्यावर नांदत असेल. तुमच्या प्रश्नानं तिच्या मुलीचं लग्न मोडू शकतं, आणि पुढच्या पावसाळ्यात कोणाचं वासरू मेलं तर बडव्याला तुम्हीच नाव पुरवलेलं असतं. शहरात राहून नोकरी करणाऱ्या नातवाला हे चटकन लक्षात येत नाही. तो सुटीत येतो, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावतो आणि ओट्यावर पाच माणसांदेखत विचारतो.

विचारायचं तर जमिनीचं विचारा, सालाचं विचारा. ‘त्या वर्षी साथ आली होती का? ढोरं मेली होती का? त्या सालात गावातून कोण कोण निघून गेलं? वरच्या शेतात तेव्हा कोण राबायचं?’ म्हाताऱ्या माणसांना सन आठवत नाही, पण खुणा आठवतात. छप्पन्याचा दुष्काळ म्हणजे १८९९-१९००. मानमोडीची साथ १९१८ ची. नंदुरबारात शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात गेले ते ९ सप्टेंबर १९४२. मग १९७२ चा दुष्काळ. ‘मोठी माय गेली तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का’ इतक्या साध्या प्रश्नावर दहा वर्षांचा गोंधळ मिटतो. एका वेळी एकाच माणसाशी बोला, शक्यतो बाईशी, आणि तिच्या सुनेसमोर नको.

खून होऊन खटला चालला असेल तर निकालपत्र मिळण्याची आशा धरा. साक्षीपुराव्याचे कागद नियमानुसार नष्ट होतात, निकाल जास्त काळ जपतात. कोर्टाच्या कागदांसाठी कोर्टाच्याच नक्कल शाखेत, त्यांच्या नियमांनी अर्ज करायचा. पोलीस किंवा महसूल खात्याकडचं जुनं काही हवं असेल तर माहिती अधिकार आहेच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एक विषय, थोडक्यात मजकूर, आणि तीस दिवसांची मुदत. ‘खासगी माहिती’ म्हणून नकार आला तर त्याच कायद्याचं कलम ८(३) दाखवा. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेला नकाराची बरीचशी कारणं लागू होत नाहीत, खासगीपणाचं त्यांतच येतं. ब्रिटिश काळातल्या न्याय आणि महसूल विभागांचे खंड मुंबईच्या पुराभिलेखागारात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहेत. ते पाहायला मात्र नाव, गाव आणि साल हाताशी हवं.

निकालपत्र वाचायला घेण्याआधी मनाची एक तयारी ठेवा. आरोपींची नावं परक्यांची नसतात. मारली गेलेली पणजी आणि तिला मारणारा तिचा दीर, दोघंही तुमच्याच वंशावळीत असतात, कधी तुम्ही थेट त्या दिराच्याच फांदीवर असता. त्या दिवशी मुलांना काही सांगू नका, भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकू नका. झोप लागेना, जेवण जाईना असं झालं तर टेलिमानस या सरकारी मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे; मराठीत बोलता येतं.

आणि शोधता शोधता कळलं की आजच, याच पाड्यावर, एखाद्या जिवंत बाईकडे बोट दाखवलं जातंय, तर वंशावळ बाजूला ठेवा आणि ११२ ला फोन लावा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत करणी-भानामतीचे आरोप करून माणसाला त्रास देणं गुन्हा आहे; शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि पाच ते पन्नास हजार दंड. नाव घेणारा भगत सुटत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना सोबत घेतलं तर पोलीस ठाण्यात बोलणं सोपं जातं.

सावकाराचा नातू

आतापर्यंत मी ज्यांच्याकडून गेलं त्यांच्या बाजूनं लिहिलं. पण वाचकांत ज्यांच्याकडे आलं त्यांचीही घरं आहेत, आणि त्यांचीही गुपितं आहेत. शहादा-तळोद्याची काळी जमीन कोणाकडून कोणाकडे कशी गेली, हे या भागात उघड आहे. नातवंडांना तेवढं सांगितलेलं नसतं. खावटीचं धान्य, त्याची दामदुप्पट, अंगठा, मुदतखरेदी, आणि मुदत टळली की खूषखरेदी. ज्याची जमीन गेली तो आखाजीला त्याच शेतावर सालदार म्हणून राहायचा. २ मे १९७१ ला पाटीलवाडीत गोळी चालली, त्यानंतर अंबरसिंग सुरतवंतींच्या मागे भिल्ल समाज उभा राहिला, शहाद्यात भूमुक्तीचा मेळावा झाला, १९७२ साली श्रमिक संघटना निघाली. त्याच सुमाराच्या फेरफारांमध्ये तुमच्या आजोबांचं नाव सापडलं तर तो योगायोग नव्हे.

कायदा थोडक्यात असा. आदिवासीची जमीन १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासीकडे गेली असेल तर ती परत देण्यासाठी १९७४ चा खास कायदा झाला. ६ जुलै १९७४ नंतरचं हस्तांतरण जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे कलेक्टरच्या परवानगीशिवाय होत नाही. अर्जाच्या मुदती, आधी झालेले निकाल, त्यावरची अपिलं हे सगळं प्रकरणागणिक वेगळं; तेव्हा दोन्हीकडच्या वाचकांनी महसुली कामं करणाऱ्या वकिलाला पूर्ण फेरफारमालिका दाखवावी. एका उताऱ्यावर सल्ला देणाऱ्या वकिलापासून जपून राहा. ज्यांच्या घरात अशी जमीन आहे त्यांनी दोन गोष्टी करू नयेत: कागद फाडू नयेत, आणि घाईनं जमीन तिसऱ्याला विकू नये. परत करायची की नाही यावर माझं मत विचाराल तर बांधावर त्या घरातलं माणूस आजही मजुरीला येत असेल, तर त्याच्याशी बोलणं टाळणं मला शोभणारं वाटत नाही. बाकी ज्याचं त्यानं पाहावं.

जातीच्या रकान्यातली शाई

याबद्दल थोडंच, कारण यात सल्ला एकच आहे. अनुसूचित जमातीच्या दाव्यात ६ सप्टेंबर १९५० च्या आधीच्या नोंदींना वजन असतं. तुमच्या हाती आजोबांची नोंद आली आणि ती घरात सांगितल्या जाणाऱ्या जमातीशी जुळत नसेल, किंवा रजिस्टरात नंतर कोणी अक्षर घुसडलेलं दिसलं, तर त्याला हात लावू नका, ‘दुरुस्त’ करून घेऊ नका आणि तसा दाखला जोडूही नका. दक्षता पथक मूळ रजिस्टर पाहायला शाळेत जातं. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पडताळणीची सगळी पद्धत घालून दिली, ती शाळेच्या जुन्या नोंदी आणि दावा यांचा मेळ बसत नव्हता म्हणूनच. २०१७ च्या जगदीश बहिरा प्रकरणात तर दावा खोटा ठरला की मिळालेली नोकरी किंवा प्रवेश वाचत नाही, हे पक्कं झालं. नुसता लिहिण्यातला फरक असेल, एकाच घरात कुठे ‘भिल’ कुठे ‘तडवी’, तर तो लपवू नका. समितीपुढे तो समजावून सांगता येतो. खाडाखोड समजावून सांगता येत नाही.

जे काळं नाहीच

दोन बायका निघाल्या म्हणून दचकणारे पुष्कळ. मुंबई इलाख्यात हिंदूंना दुसरी बायको करायला बंदी आली ती १९४६ च्या कायद्यानं. त्याआधीची दुसरी पणजी ही रखेल नव्हती, लग्नाची बायको होती. आदिवासींमध्ये तर रूढीचाच कायदा. नंतरच्या काळातलं, कायद्यानं न चालणारं लग्न असलं तरी त्या मुलांना आईबापाच्या वाट्यात हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये हिंदू कुटुंबांबाबत पुन्हा स्पष्ट केलं आहे. रक्ताच्या तपासण्या करून म्हाताऱ्या माणसांची लग्नं उसवू नका. लग्न टिकून असताना झालेलं मूल नवऱ्याचंच, असं कायदा आजही धरतो.

तुरुंगात गेलेल्या आजोबांचंही तसंच. तळोदा तालुक्यात संत गुलाम महाराजांच्या ‘आप की जय’ चळवळीतल्या लोकांवर रावलापाणीला २ मार्च १९४३ ला गोळीबार झाला. धरपकड झाली, आणि घरी राहिलेल्यांनी पुढे भीतीपोटी ‘त्याला पोलिसांनी नेलं होतं’ एवढंच सांगितलं. तीन पिढ्यांत त्याचं ‘चोरीत सापडला होता’ होतं. पारध्यांच्या घरातली हजेरीही चोरीची खूण नव्हे. १८७१ पासून १९५२ पर्यंत जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा कायदाच होता, आणि त्यात हजेरी सक्तीची होती. तेव्हा तुरुंग म्हटलं की आधी साल पाहा, मग कलम.

वंशावळीत काय लिहायचं

सापडलेलं सगळं शपथपत्रात घालायचं नसतं, पण माणसं गाळायची नसतात. वंशावळीचं शपथपत्र खोटं असणं हा गुन्हा आहे, आणि गाळलेली फांदी वारसनोंदीच्या वेळी हरकत घेऊन येतेच. सगळ्यांत जास्त गाळल्या जातात त्या मुली आणि विधवा. ‘आमच्यात लेकीला वाटा नसतो’ हे कारण वंशावळीत नाव न लिहायला पुरत नाही; वाटा हा वेगळा प्रश्न. हिंदू वारसा कायदा कलम २(२) मुळे अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही हे खरं, पण मुलींना वगळणारी रूढी आहे हे सिद्ध झालं नाही तर त्यांना बरोबरीचा वाटा नाकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात दिला आहे.

ज्या पणजीचा ठावठिकाणा लागला नाही, तिच्यापुढे ‘बिनवारस’ लिहू नका. ती बिनवारस असती तर तुम्ही अर्ज लिहायला आला नसता. तिचं नाव, माहेरचं गाव कळलं असेल तर ते, आणि पुढे ‘मयत, तारीख उपलब्ध नाही’ एवढं पुरतं. कशी गेली ते शपथपत्रात नको. ते वेगळ्या कागदावर, तुमच्या सहीनं, कोणत्या फेरफारावरून, कोणत्या कोतवाल बुकावरून आणि कोणाच्या सांगण्यावरून कळलं त्यासकट लिहा. ऐकीव ते ‘ऐकीव’ म्हणूनच नोंदवा. त्या कागदाची एक प्रत घरातल्या अशा एका माणसाकडे द्या जो तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे आणि ज्याच्या पोटात गोष्ट राहते. मूळ नकला लॅमिनेट करू नका. पुन्हा कचेरीत लागल्या तर त्यावरचे शिक्के तपासता येत नाहीत, आणि मग नवी नक्कल काढायला पुढच्या जूनची गर्दी असते.